गोड्या विहिरीचा अहवाल

प्रश्न असा होता : विहिरीचे पाणी दूषित निघाले, तर गाव विहिरीवर न रागावता अहवालावर का रागावते?

नोकरीच्या अखेरच्या वर्षी हा प्रश्न मी एका दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर, खाली दोन रेघा ओढून, लिहून ठेवला होता. उत्तर विस्तृत असणार या खात्रीने पुढची सगळी पाने मोकळी सोडली होती. उत्तर अर्ध्या पानात संपले. उरलेल्या पानांवर आमच्या सौभाग्यवतींनी चकलीच्या भाजणीपासून आवळ्याच्या लोणच्यापर्यंत सगळी प्रमाणे उतरवून घेतली आहेत. त्या वहीचा जगाला झालेला उपयोग बव्हंशी तोच आहे.

मी रसायनी. अकोला आणि अमरावती येथील सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळांत मी एकतीस वर्षे काम केले. त्याआधी तीन वर्षे एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. शाळा सुटली, पण बोटाचा खडू सुटला नाही. समोर दोन माणसे उभी राहिली की मला तो वर्ग वाटतो आणि तिसरा आला की मी हजेरी घ्यायच्या बेतात असतो.

रसायनी म्हटले की लोकांना लोखंडाचे सोने करणारा कोणी सिद्धपुरुष आठवतो. आम्ही पाण्याचे काहीच करत नाही. ते कसे आहे एवढेच सांगतो, आणि नेमके तेवढेच लोकांना खपत नाही.

कामाची रीत सोपी आहे. दोन लिटरचा स्वच्छ कॅन घ्यायचा, ज्या विहिरीचा नमुना आहे तिच्याच पाण्याने तो तीनदा विसळायचा, मग भरायचा, झाकण घट्ट लावायचे, चिठ्ठी चिकटवायची. प्रयोगशाळेत त्याच्या निरनिराळ्या तपासण्या होतात आणि अहवालात चौदा रकाने भरले जातात. त्यांतला नायट्रेटचा रकाना या हकिकतीपुरता महत्त्वाचा. त्याची मर्यादा लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅम. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटते आणि प्रमाण वाढते. मोठ्या माणसाला त्याचा सहसा त्रास जाणवत नाही. परंतु वरचे दूध पिणाऱ्या, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती त्याने घटू शकते. मग ओठ आणि नखे निळसर पडतात.

वरील परिच्छेद मी जवळजवळ याच शब्दांत अनेक ग्रामसभांत म्हटला आहे. वाचकांना जांभई आली असल्यास संकोच करू नये. ग्रामसभांनी केला नव्हता.

अचूकपणा लोकांना पटतो, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. तिला पहिला धक्का अमरावतीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी दिला. हे आमच्याच बिरादरीतले, म्हणून मला विशेष आदर. त्यांनी एकाच बोअरचे पाणी दोन बाटल्यांत भरून दोन वेगळ्या नावांनी तपासायला दिले. एका अहवालात एक आकडा ४१.२ आला, दुसऱ्यात ४१.६. दोन्ही कागद फडकावत ते माझ्या टेबलापाशी आले.

"एकच पाणी, दोन उत्तरं! आता बोला!"

एकाच फळीची लांबी दोनदा मोजली तरी केसभर फरक पडतो, हे मी त्यांना समजावले. मग मोजमापातील अनिश्चिततेवर स्वहस्ते दीड पान लिहून दिले. त्यांनी ते कॉलनीच्या सूचना फलकावर लावले आणि वर लाल अक्षरांत लिहिले, "प्रयोगशाळेची लेखी कबुली." मी सावध व्हायला हवे होते. मी मात्र पुढच्या अहवालासोबत द्यायला तेच टिपण अडीच पानांचे केले.

आता त्या गावाकडे वळतो. गावाचे नाव सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

अकोल्याच्या उत्तरेला पूर्णाकाठचा प्रदेश खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. जमिनीखालचे पाणी खारट, त्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. अशा मुलखात या गावाला नाल्याकाठी एक गोड पाण्याची विहीर होती. पंचक्रोशीत गावाची ओळखच ती. सोयरीक जुळवताना "पोरीले खारं पानी वहावं लागनार नाई" हे वाक्य वरपक्ष हुंड्यासारखे पुढे करी. मूल जन्मले की पाचवीच्या दिवशी त्या विहिरीचे ताजे पाणी शेंदून त्याचा थेंब बाळाच्या ओठांना लावत. त्यानंतर गुटी त्याच पाण्यात उगाळायची, दुधातही तेच घालायचे.

गावात नळयोजनेचे पाणीही येत होते. परंतु त्याला औषधाचा वास, म्हणून ते गुरांना आणि धुण्याला.

सरपंच होत्या कुसुमताई. चौथीपर्यंत शिकलेल्या, आवाज खणखणीत. त्यांचा दोन महिन्यांचा नातू एकाएकी निळसर पडला आणि त्याला अकोल्याला दवाखान्यात न्यावे लागले. मूल वाचले. डॉक्टरांनी विचारले, दुधात पाणी कुठले घालता? कुसुमताई दुसऱ्याच दिवशी नायलॉनच्या पिशवीत कॅन घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आल्या.

"साहेब, खरं काय ते लिहा. गोड लिहू नोका."

नायट्रेट मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले. विहीर नाल्याकाठी, वर गावाचे उकिरडे आणि संडासांचे शोषखड्डे. पावसाचे पाणी ज्या वरच्या थरातून झिरपून विहिरीला गोडी देत होते, त्याच थरातून ही घाणही येत होती. चांगले आणि वाईट एकाच झिऱ्याने. हे वाक्य सुचल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो, की ग्रामसभेसाठी तक्ता तयार करून त्यावर ते शिरोभागी लिहिले.

ग्रामसभेपुढे विषय एवढाच होता : लहान बाळांना विहिरीचे पाणी देऊ नये आणि अंगणवाडीत नळ घ्यावा. विहीर बंद करण्याचे कोणी म्हटलेही नव्हते. त्या वेळी गावात वरचे दूध पिणारी आणखी तीन तान्ही बाळे होती. पणाला लागले होते ते हे.

मी तक्ता टांगला, छडी घेतली आणि पंचवीस मिनिटे बोललो. मग नामदेवराव उठले. विहीर त्यांच्या आजोबांनी खोदलेली, आणि कुसुमताईंचे ते राजकारणातले जुने प्रतिस्पर्धी.

"साहेब, एक इचारू काय?"

"अवश्य."

"माहा आजा ब्याण्णव वर्साचा होऊन गेला. शेवटच्या दिवसापावतर हेच पानी पेला. त्याले तुमच्या चौदा रकान्यातल्या कोन्त्या रकान्यात बसवता?"

सभा हसली. एका उदाहरणावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही, असे मी सांगू लागलो. इतक्यात मागून कोणी म्हणाले, "साहेब, तुमी त नळाचंच पेता न? मंग केस काहून गेले तुमचे?"

या मुद्द्यावर माझ्याकडे आकडेवारी नव्हती.

नामदेवराव मात्र हसत नव्हते. "गंमत नाई करून राहिलो साहेब. गावात लग्नाचे पोट्टे हायेत. उद्या पोरीचा बाप म्हनन, तुमच्या गावचं पानी इखारी हाय म्हनते. मंग त्याले तुमचा कागद दाखवू? आमच्यापाशी हाय काय दुसरं? जमीन खारी, बोअर खारे. एक इहीर गोड, तीही तुमी आमच्यापासून हिसकून राहिले."

आज वाटते, त्या दिवशी सभेत खरे वाक्य तेवढे एकच बोलले गेले; गावाचे नाव मी गाळले ते त्यामुळेच. तेव्हा मी त्यावर तक्त्याच्या खालच्या भागाकडे छडी दाखवली.

मग नामदेवरावांनी तांब्या-पेला मागवला. विहिरीचे पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे धरले. "उन्हातून आले. घ्या, पानी घ्या."

वऱ्हाडात आलेल्या माणसाने पाणी नाकारणे म्हणजे घराचा उंबरा नाकारणे. पण मी ते प्यालो ते रीत म्हणून नव्हे. मी मनात हिशेब केला. प्रौढ माणूस, वजन अडुसष्ट किलो, एक पेला. धोका नाही. शास्त्रीय सत्याला धरून मी उभा राहिलो आणि स्पष्ट उच्चारांत म्हणालो, "मोठ्या माणसाला या एका पेल्याने काही होत नाही, म्हणून मी हे पितो. तथापि..."

आणि प्यालो. 'तथापि'च्या पुढे मला कोणी ऐकलेच नाही. टाळ्या, शिट्ट्या, "वा रे साहेब!" कुसुमताईंनी कपाळाला हात लावला. पाणी मात्र खरोखर गोड होते, हे शास्त्रज्ञ म्हणून नमूद करतो.

कोणीतरी मोबाइलवर ते टिपले होते. चित्रफीत अकरा सेकंदांची, माझ्या शेवटच्या घोटाशी संपणारी. वर ओळ : "लॅबच्या साहेबानं सोता पिऊन दाखवलं! आता बोला!" मी गाडीने अकोल्याहून अमरावतीला घरी पोहोचेपर्यंत ती सौभाग्यवतींच्या मोबाइलवर त्यांच्या अकोल्याच्या बहिणीकडून आलेली होती.

"अहो, तुमी त यात लय तहानलेले दिसून राहिले," त्या म्हणाल्या. "डबा नेला होता, पाण्याची बाटली काहून नाई नेली?"

मी लगेच खुलासा लिहायला बसलो. दोन पाने, एक तालिका, तीन तळटीपा. कुसुमताईंनी तो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. दोन प्रतिसाद आले. एक अंगठा, तो कुसुमताईंचाच. दुसऱ्यात एकाने विचारले होते, "साहेब, आमच्या वावरात बोअर कुठी लागन?"

ठराव बारगळला. तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीची निवडणूक आली. कुसुमताईंनी पाच वर्षांत रस्ता केला होता, शाळेचे छप्पर केले होते, आणि त्या कामांची यादी त्या दारोदार वाचून दाखवत होत्या. समोरून एकच घोषणा होती : "इहिरीचा मान, गावाचा मान." प्रचाराच्या गाडीवरच्या पडद्यावर मी दिवसातून शंभरदा पाणी पीत होतो. कुसुमताई पडल्या. सरपंचपदी नामदेवरावांच्या वहिनी निवडून आल्या आणि कारभार नामदेवरावांकडे आला.

गाव अडाणी, लोक भावनेच्या आहारी जातात, असा निष्कर्ष मी त्या वहीत लिहून टाकला. पेनाने लिहिला, हीच चूक झाली. पुढे तो खोडावा लागला.

कारण त्याच दिवाळीत मी माझ्या गावी गेलो. आमचे गाव रिद्धपूरच्या वाटेवर. तिथे आमच्या मळ्यात वडिलांनी खोदलेली विहीर आहे. दोन उन्हाळे त्यांनी आणि आईने स्वतः माती उपसली. पाणी लागले त्या दिवशी वडील काठावर बसून लहान मुलासारखे रडले होते. मी तिथेच पोहायला शिकलो. धाकट्या भावाला नुकताच नातू झाला होता. त्याची सून बाळाच्या बाटलीत दूध भरून वर त्या विहिरीचे पाणी घालत होती, आणि मी तिच्याकडे पाहत उभा होतो. एकतीस वर्षांत मी हजारो विहिरी तपासल्या. ही एक कधी तपासली नव्हती. वेळ मिळाला नाही, असे मी मला सांगत आलो होतो.

कॅन भरला. अकोल्याच्या प्रयोगशाळेत यंत्रावर शकीलभाई बसत. माझ्याइतकीच नोकरी झालेले, कमी बोलणारे सहायक. त्यांनी आकडा वाचला. मर्यादेच्या वर.

मी म्हटले, कॅन नीट विसळला गेला नसावा. भावाकडून नवा नमुना मागवला. पुन्हा वरच. मी म्हटले, यंत्राचा दिवा जुना झाला आहे. दिवा बदलला. पुन्हा तोच आकडा, दशांश चिन्हापुढे थोडा कमी. त्या कमी दशांशाने मला जो आनंद झाला, त्यावरून मला अमरावतीचे मुख्याध्यापक आठवायला हवे होते. आठवले नाहीत. मी म्हटले, आता रसायने नवी घेऊ.

शकीलभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साब, एक बात बोलूँ? गाँव का नमूना आया तो आपने एक दफा में दस्तखत किये. अब्बा का कुआँ आया तो तीन दफा हो गये. चौथी दफा भी वहीच आयेगा. दिवा नया है."

मी खुर्चीत बसलो. मला राग आला होता. विहिरीवर नव्हे, यंत्रावर, कॅनवर, क्षणभर शकीलभाईंवरसुद्धा. एम.एस्सी. प्रथम श्रेणी, एकतीस वर्षांचा अनुभव, आणि माझे डोके नामदेवरावांच्या डोक्यापेक्षा तसूभरही वेगळे चालत नव्हते. ते निदान एका पेल्यात मोकळे झाले होते. मी सरकारी दिवा बदलला.

वहीत अर्धे पान लिहिले ते त्या दिवशी. आकड्याने विहिरीचे वर्णन केले होते. मला मात्र त्यात बापाची परीक्षा दिसली, आणि बापाला कोणी नापास केलेले मला चालणार नव्हते.

भावाला फोन केला. त्याने आकडा दोनदा विचारून घेतला. मग म्हणाला, "भाऊ, तुमी बाबाची इहीर नापास केली?" आणि थोड्या वेळाने, "बरं. पोट्ट्याले नळाचं देतो."

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा नमुने घ्यायची आमची रीत आहे. त्या रीतीने मी पुन्हा खारपाणपट्ट्यातल्या त्या गावी गेलो. तक्ता नेला नाही. विहिरीवर कॅन विसळत असताना पंधरावीस माणसे जमली. नामदेवराव होते, त्यांची म्हातारी आई सोनाबाई पायरीवर बसल्या होत्या.

"या साहेब," नामदेवराव म्हणाले. "पानी घेता?"

"घेईन. आधी एक सांगायचे आहे." आणि मी माझ्या वडिलांच्या विहिरीची हकिकत सांगितली. दोन उन्हाळे, वडिलांचे रडणे, तीन नमुने, दिवा. शकीलभाईंचे बोलणे सांगताना मी हातातला कॅन चौथ्यांदा विसळला. ते मी ठरवून केले नव्हते, पण झाले.

कोणी हसले नाही. नामदेवरावांनी विचारले, "मंग? बुजवली काय बापाची इहीर?"

"नाही. गावी गेलो, की मी अजून तिचेच पाणी पितो. बाळाच्या बाटलीत ते जात नाही, इतकेच."

"आन् लोक काय म्हनते?"

"काही म्हणत नाहीत. विहीर वडिलांचीच म्हणतात."

सोनाबाई काठी टेकत उठल्या. "नामदेव, माहं आयक. पाचवीचं पानी लेकराच्या कपायाले लावू. ओठाले नोको. मान राह्यला आन् लेकरूही राह्यलं. त्याच्यात काय एवढं?"

सात महिने, पंचवीस मिनिटांचे भाषण, चौदा रकाने आणि तीन तळटीपा यांनी जे झाले नाही, ते एका म्हातारीने चार-दोन वाक्यांत केले. पुढच्या महिन्यात अंगणवाडीत नळ आला. उद्घाटनाच्या फलकावर नव्या सरपंचांचे नाव होते. कुसुमताईंना निमंत्रण नव्हते. मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. नातू अंगणात रांगत होता.

"चांगलं झालं साहेब," त्या म्हणाल्या. मग स्थिर नजरेने माझ्याकडे पाहून, "पन तुमी बापाची गोष्ट पयल्याच दिवशी सांगितली असती, त माही खुर्ची राह्यली असती."

"ताई, पहिल्या दिवशी ती मला ठाऊक नव्हती."

"ठाऊक नव्हती, का ठाऊक करून घेतली नव्हती?"

मी चहा घेतला.

शाळामास्तराने धड्याच्या शेवटी सार सांगावे, अशी अपेक्षा असते. मला ते नीट सांगता येत नाही. गावाने माझ्या आकड्यावर विश्वास ठेवला नाही, माझ्या बापावर ठेवला. आकडा पहिल्या दिवशी होता तोच होता. योगायोगाने माझ्या घरची विहीर चांगली निघाली असती, तरी त्या गावची वाईटच असती. मग मी काय सांगितले असते? ज्या भावनेने अकरा सेकंदांत खरे बुडाले, तिच्याच जोरावर ते सात महिन्यांनी वर आले, आणि यात माझी हुशारी कुठेही नव्हती. मधल्या सात महिन्यांत त्या तीन तान्ह्या बाळांच्या किती बाटल्या विहिरीच्या पाण्याने भरल्या गेल्या, हे मला माहीत नाही. बाळे सुखरूप आहेत, असे कुसुमताई सांगतात. मी मात्र त्या वेळी जाऊन विचारले नव्हते. मी तेव्हा खुलाशाच्या तळटीपा तपासत होतो.

म्हणून वाचकांना एक साधी विनंती. आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी एका स्वच्छ कॅनमध्ये, तीनदा विसळून, भरा आणि जवळच्या प्रयोगशाळेत द्या. अहवाल हाती येण्यापूर्वी, तो कसा यावा असे वाटते, ते एका कागदावर लिहून ठेवा. मग अहवाल उघडा, आणि तो पुन्हा करून घ्यावासा वाटतो का, किती वेळा वाटतो, तेही प्रामाणिकपणे लिहा. मी इथे जे लिहिले आहे ते केवळ मी सांगतो म्हणून मानू नका. स्वतः तपासून पाहा.